ओल्या भिंतीची सहल

४ फेब्रुवारी, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला लावली आहे. दिवसभरात काय काय ऐकू आलं नाही, ते रोज लिहायचं. आता जे ऐकूच आलं नाही ते मला कळणार कसं? तसं मी विचारलंही. त्यावर त्या हसून काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. ही पहिली नोंद.

हे पान त्यांना दाखवायचं म्हणून माझी माहिती लिहितो. पुढची पानं माझी.

मी पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं गळती शोधतो. जमिनीखाली पाइप फुटला की पाणी वर येतंच असं नाही. ते आतल्या आत जिरत राहतं, आणि कुठून निसटतंय ते ऐकूनच शोधावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे एक काठी आहे. छातीएवढी उंच, कठीण लाकडाची, मधोमध आटे असलेली, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीत टाकता येते. वरच्या टोकाला लाकडाचीच वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. फुटलेल्या जागेवर बारीक शिटीसारखा आवाज येतो. तो जिथे सगळ्यांत मोठा, तिथे चुन्याने फुली मारायची. मग मुकादमाची माणसं फुलीवर खणतात. बत्तीस वर्षांत माझी फुली चुकली नव्हती. खात्यात मला कानसेन म्हणत.

ऑगस्टमध्ये चुकली. भर हमरस्त्यावर फुली मारली, तीन दिवस वाहतूक बंद ठेवून माणूसभर खोल खणलं, आणि खाली ठणठणीत कोरडं. मी ऐकला होता तो आवाज समोरच्या दुकानाच्या तळघरातला. तिथे शोभेच्या माशांच्या चाळीस पेट्या होत्या आणि त्यांना हवा देणारा पंप. तेव्हापासून कानसेन गेलं आणि मासेवाले आलं. मला तक्रार खिडकीवर बसवलं आणि गळती शोधायला यंत्र आणलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. आता ऑफिसने कान तपासून अहवाल मागवला आहे. तो वाईट आला तर उरलेले चौदा महिने खिडकीवरच.

(इथपर्यंत दाखवायचं. पुढे माझं.)

खरं म्हणजे आवाज आला की आधी आजूबाजूचं सगळं बंद करायला लावायचं, हा आमचा पहिला नियम. त्या दिवशी मी तो पाळला नाही. बत्तीस वर्षांचा माज, दुसरं काय. आणि दुसरी गोष्ट, मी ऐकायला नेहमी डावा कान लावतो आणि डाव्या कानाने दोन वर्षांपासून कमी येतं. हे कुणालाही माहीत नाही. हिलासुद्धा पत्ता लागू दिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी ही आपणहून माझ्या उजव्या बाजूला झोपायला लागली. खिडकीचा वारा बाधतो म्हणते. माझ्या पथ्यावरच पडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानांवर डबडी चढवली. आवाज आला की बटण दाबायचं. मी अंदाजाने बरीच बटणं दाबली. नंतर कळलं की मधे मधे आवाज नसतोच, तुमचं पाणी जोखायला नुसतं थांबतात.

मग बाईंनी चिमट्यासारखा एक काटा वाजवून डाव्या कानासमोर धरला. काही नाही. तोच काटा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, आता कशाला एवढ्या जोरात वाजवलात? त्या म्हणाल्या, मी परत वाजवलाच नाही. मग भिंतीवरचं कानाचं चित्र दाखवून त्यांनी पाचदहा मिनिटं काहीतरी समजावलं. मी "हो, हो" म्हणत राहिलो. हिने मात्र शाळेतल्या हुशार मुलीसारखं सगळं ऐकलं आणि वर दोन प्रश्न विचारले.

बाई काय म्हणाल्या ते हिला विचारायचं मनात होतं. पण विचारलं म्हणजे ऐकलं नव्हतं हे कबूल केल्यासारखं, म्हणून गप्प बसलो. बसमध्ये ही माझ्या डाव्या बाजूला बसून सबंध रस्ता कुणाशी तरी फोनवर बोलत होती. बहिणीशी असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खात्यातले माझे तिघं जुने सोबती घरी आले, आणि तेही एकदम.

मुकादम माझ्या फुलीवर खणणारा. गेल्या वर्षी निवृत्त झाला, पण हात अजून पहारीसारखे. चावीवाला शहरातले व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. त्याची इंग्रजी टीच्या आकाराची लोखंडी चावी त्याने निवृत्तीनंतर खात्याला परत केली नाही आणि खात्यालाही तिची आठवण झाली नाही. नकाशाबाई आमच्या ड्रॉइंग विभागातल्या. कुठला पाइप कुठून जातो ते कागद न बघता सांगतात. बोलतात कमी, पण बोलल्या की शेवटचं तेच.

तिघांचं म्हणणं, पुढच्या रविवारी उत्खननात सापडलेल्या जुन्या शहराला सहलीला जाऊ. दोन हजार वर्षांपूर्वीचे रस्ते आहेत, स्नानगृहं आहेत, सभागृह आहे. मी चाटच पडलो. दगड बघायला तिकीट कोण काढतं, असं हाच मुकादम आयुष्यभर म्हणत आला. आज तोच म्हणे, इतिहास माहीत पाहिजे. दार आठला उघडतं, तरी आपण साडेसहाला पोहोचायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. का, तर ऊन चढायच्या आत फिरता येतं. फेब्रुवारीत!

कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. मग वाटलं, मला खिडकीवर बसवल्यापासून बिचाऱ्यांना माझी सोबत राहिली नाही, म्हणून आले असतील. मोठ्या मनाने हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीवर आज एक माणूस आला. त्याच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही. तो पाच मिनिटं बोलला, मी लिहून घेतलं. मग कळलं, पाणी नाही असं नव्हतं, पाणी थांबत नाही असं होतं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला सहन झाली नाही. राग आला असता तर बरं होतं. त्याला कीव आली.

उद्याची सहल नकोशी वाटते आहे. चौघांच्या गप्पांत मी मध्येच हसतो ते इतर हसतात म्हणून, हे एक दिवस त्यांच्या लक्षात येईल. माळ्यावरची काठी ऑगस्टपासून खाली काढलेली नाही. कानाला खडा लावला आहे. परत कुणाच्या दारात फुली मारणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला हातच उठला नाही. अंग इतकं दुखत होतं की पेनाचं टोपण हिने काढून दिलं. आज रजा टाकली आहे आणि सगळं सवडीने लिहितो आहे. चहा झाला, दुसराही झाला.

पहाटे मुकादमाच्या जावयाच्या गाडीतून निघालो. मला मानाने पुढे बसवलं. मागे ती तिघं आणि ही सबंध वेळ कुजबुजत होती. मी वळलो की गप्प. एकदा फक्त चावीवाल्याचं "त्याला आधी दमवायचं नाही" एवढं कानावर आलं. माझ्या गुडघ्यांची काळजी असणार.

साडेसहाला पोहोचलो तर पहारेकऱ्याने न बोलता दार उघडलं. पिकल्या केसांचा असा फायदा होतो. आत एक तरुण जतन-अधिकारी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात खडू. तिने पुढे होऊन नकाशाबाईंना "मावशी" म्हणून हाक मारली. हल्लीच्या मुली दिसेल त्या बाईला मावशी म्हणतात. नाकही दोघींचं अगदी सारखं. जगात योगायोग पुष्कळ असतात.

तिने स्वतः आम्हाला शहर दाखवलं. आणि मी सांगतो, पाहण्यासारखंच आहे. दगडी रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल की पाऊल आत मावतं. घरांचे उंबरे मधोमध झिजलेले. प्रत्येक घराच्या भिंतीतून सांडपाण्याचं एक भोक रस्त्यालगतच्या नाल्यात उघडतं आणि नाल्यावर दगडी झाकणं. सगळ्यांनी देवड्या आणि खांब बघायचे, तर आम्ही चौघं झाकणांवर ओणवे. नकाशाबाईंनी पिशवीतून वही काढली आणि नाल्याचा उतार काढायला घेतला. चावीवाला सार्वजनिक शौचालयाच्या दगडी बाकावर ऐटीत बसून आला आणि म्हणाला की कामगारवस्तीपेक्षा सोय चांगली होती. मुकादम एका ठिकाणी थबकला. तिथल्या रस्त्याचे चार दगड इतरांपेक्षा वेगळे होते, थोडे वर आलेले. त्याने पायाने ठोकून पाहिलं आणि सांगितलं की हा रस्ता कुणीतरी पाइप टाकायला खणला आणि नीट बुजवला नाही. अधिकारी मुलगी म्हणाली की हे शोधायला त्यांच्या लोकांना दोन वर्षं लागली होती. मुकादमाची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांचं काही खरं नव्हतं.

मग ती आम्हाला सभागृहाच्या उत्तरेच्या भिंतीपाशी घेऊन गेली.

भिंत दोन माणसं उंच, बारा कोनाड्यांची. खालचे चार थर ओले, शेवाळलेले. आणि प्रत्येक दगडावर पांढऱ्या खडूने एक आकडा. मी विचारलं, हे आकडे कसले? ती म्हणाली की पायात पाणी शिरून भिंत चार बोटं बाहेर झुकली आहे. पाणी कुठून येतं ते कळत नाही. यंत्र आणून ऐकलं, भिंतीच्या आजूबाजूला तीन खड्डेही घेतले, काही नाही. आता पुढच्या महिन्यात भिंत दगड दगड करून उतरवायची, म्हणून नंबर घातले आहेत. परत चढवता येईल ना, असं मी विचारलं. त्यावर ती खाली बघून म्हणाली, "चढवतो आम्ही. पण मग ती आमची भिंत होते, त्यांची राहत नाही."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि काठी वेगळी.

सगळे भिंतीच्या सावलीत बसले. चहाचा थर्मास काढायला हिने पिशवी उघडली आणि आतून माझ्या काठीचे दोन तुकडे निघाले. ही म्हणाली, अगंबाई, छत्री समजून भरलं वाटतं मी. माळ्यावर छत्री कधीपासून ठेवायला लागली कोण जाणे. हिचा चष्मा बदलायला झाला आहे.

मग व्हायचं तेच झालं. चौघांच्या नजरा काठीवर, मग माझ्यावर. मी उठलो आणि सांगून टाकलं की ते काम मी सोडलं आहे, मी इथे सहलीला आलो आहे, मला सभागृह बघू द्या. जरा चढ्या आवाजात बोललो. अधिकारी मुलीने खडू खिशात टाकला आणि ती बाजूला झाली. शेवटी मुकादम उठून माझ्यासमोर आला. असा आला की माझ्या उजव्या कानाशी त्याचं तोंड.

"तुझ्या फुलीवर मी बत्तीस वर्षं डोळे मिटून कुदळ मारली," तो म्हणाला. "एकदा माती कोरडी निघाली. मी कुदळ टाकली का?"

त्याने टाकली नव्हती. ऑगस्टमध्येसुद्धा सगळे पांगल्यावर खड्ड्यात उतरून आणखी हातभर खणत बसला होता, मला खरं करायला. हे मला माहीत होतं, पण आजवर मी त्याविषयी एक शब्द काढला नव्हता. मी काठी उचलली आणि आटे जुळवले.

भिंतीच्या पायाशी काठी टेकवून वाटीला डावा कान लावला. काहीच नाही. माझ्याच रक्ताचा आवाज. उजवा लावला, तर कुठेतरी काहीतरी, वारा असेल, पान असेल. पाच मिनिटं उभा होतो. कपाळावरून घाम डोळ्यांत गेला. पुरे झालं, असं मनाशी म्हटलं. आता वळायचं आणि सांगायचं की मी संपलो, माझा कान गेला, मुकादमा, तुझी कुदळ माझ्यापायी फुकट गेली. तेवढ्यात ही उजव्या बाजूला आली आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, कानाचं दार खराब झालंय, आतलं घर शाबूत आहे. हाडातून सगळं ऐकू येतं म्हणून?"

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

मला काडीचंही माहीत नव्हतं. पण तो काटा आठवला. मी वाटीची कड कानामागच्या हाडावर दाबली. जरासं काही आलं. मग जबड्यावर, तर आणखी. मग मनात काय आलं कुणास ठाऊक, वाटीची कड सरळ दातांत धरली आणि डोळे मिटले.

पाणी होतं.

लांबून, पण स्वच्छ. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं स्वच्छ. ते कवटीतून आत आलं, दाढा झिणझिणल्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लाकूड दातांत असल्यामुळे कुणाला काही सांगता येईना. नुसता हात वर केला. बत्तीस वर्षं मी आवाज मिळाला की असाच हात वर करत आलो. मागे नकाशाबाई हुंदका देऊन रडल्या असं ही सांगते. मला ते ऐकू आलं नाही. (डॉक्टरीणबाई, ही नोंद.)

पण आवाज भिंतीखालचा नव्हता. भिंतीखाली होता तो वाहत्या पाण्याचा, फुटक्या पाइपची शिटी नव्हे. पाणी निघतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. नकाशाबाईंनी वही पुढे केली. जुना नाला त्याच भिंतीखालून जात होता आणि त्याचा चढ होता दाराच्या बाजूला. मी दर दहा पावलांवर काठी टेकवत आणि दातांत धरत त्या रेषेने निघालो. एव्हाना आठ वाजले होते. पहिले प्रवासी आत येऊ लागले होते आणि एक म्हातारा काठी चावत चालला आहे हे थांबून बघत होते. बघोत. दर दहा पावलांना आवाज वाढत होता. साठ पावलांवर, तिकीटघराच्या मागे, सिमेंटच्या नव्या फरशीवर तो इतका मोठा झाला की दात शिवशिवले. तिथून पुढे कमी.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मुकादमाने खडूसाठी अधिकारी मुलीपुढे हातही पसरला.

आणि मला ते मासे आठवले. चाळीस पेट्या.

मी सांगितलं, फुली नाही. आधी इथलं सगळं बंद करा. तिकीटघराचा पंखा, थंड पेयांचा फ्रीज, शौचालयाचा पंप, जे जे गुणगुणतं ते सगळं. तिकीटवाला कुरकुरला, पण अधिकारी मुलीने स्वतः मुख्य बटण पाडलं. परत दातांत काठी. आवाज तसाच. तरी मी फुली मारली नाही. चावीवाल्याला म्हटलं, या लाइनचा व्हॉल्व्ह शोध. अधिकारी मुलगी म्हणाली की व्हॉल्व्ह नाहीच, कुठल्याच कागदावर नाही. चावीवाला हसला. व्हॉल्व्ह नाही अशी लाइन त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि तो नेहमी अशा जागी असतो जिथे कुणीतरी आरामात बसलेलं असतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पहारेकऱ्याला नम्रपणे स्टूल उचलायला सांगितलं. स्टुलाखाली पायपुसणं होतं, पायपुसण्याखाली गंजलेलं लोखंडी झाकण, आणि झाकणाखाली व्हॉल्व्ह. त्याची ती न परत केलेली चावी गाडीत होती. ती सहलीला का आणली असं मी विचारलं, तर म्हणाला, सवय.

त्याने चावी फिरवली. मी दातांत काठी धरून उभा. शिटी बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि थांबली.

मी बोट वर केलं. त्याने उघडलं. शिटी आली. मी बोट खाली केलं. त्याने बंद केलं. गेली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा खरं तर गरज नव्हती. ते मी सुखासाठी केलं.

मग खडू घेतला, गुडघ्यांवर बसलो आणि फुली मारली.

फरशी नवी होती, म्हणून परवानगीची अडचण नव्हती. पण खणायला अधिकारी मुलीची माणसं पुढे आली, तर मुकादमाने त्यांच्या हातातून कुदळ अलगद काढून घेतली. एकसष्ट वर्षांचा माणूस. शर्ट काढून मला दिला आणि उतरला. दोन हात खाली माती काळी झाली, तीन हातांवर चिखल, आणि मग पाइपचं फुटकं गुडघ्यासारखं वळण उघडं पडलं. चावीवाल्याने मुद्दाम व्हॉल्व्ह उघडला. पाण्याची अशी चिळकांडी उडाली की मुकादम, मी, ही, नकाशाबाई, तिकीटवाला आणि रांगेतले सात-आठ प्रवासी नखशिखांत भिजले. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला उजव्या कानाने, डाव्या कानाने आणि दातांनीसुद्धा ऐकू आल्या.

मुकादम चिखलातून वर आला आणि त्याने मला मिठी मारली. माझा चांगला शर्ट वाया गेला. आम्ही दोघंही रडत होतो आणि दोघंही पाणी उडालं म्हणून डोळे पुसत होतो.

मग दिवसभर आम्ही ते शहर असं फिरलो की ते आमचंच आहे. सभागृहाच्या गोल पायऱ्यांवर अगदी वर जाऊन डबे खाल्ले. नकाशाबाईंनी खाली मधोमध उभं राहून साध्या आवाजात सगळ्या पाइपांचे व्यास म्हणून दाखवले. वरच्या पायरीवर मला त्यातले निम्मे ऐकू आले. त्या काळच्या बांधकामाला तोड नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला तर नवल वाटतं. काठी चुकून पिशवीत येते काय, चावी सवयीने गाडीत येते काय, आणि हजार भिंती सोडून चहाला आम्ही बसतो नेमके त्याच भिंतीपाशी. त्या तिघांना तर काही कल्पनाच नव्हती. नशीब, मी बरोबर होतो.

त्यांना एकदा घरी जेवायला बोलवायला हवं. हिला तसं म्हटलं, तर ही तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला असावा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जतन-अधिकारी मुलीचं पत्र आलं, फोटोसकट. आठ दिवसांत भिंतीचे दोन थर वाळले आहेत. भिंत उतरवायचं रद्द झालं, आता पाया आहे तिथेच भक्कम करायचा. फोटोत ती स्वतः बादली आणि फडकं घेऊन दगडांवरचे आकडे पुसते आहे. पत्राची एक प्रत तिने आमच्या साहेबांनाही पाठवली आहे.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा अहवालही ऑफिसात पोहोचला. त्यात काय असणार ते मला माहीत आहे. डावा कान कामातून गेला. आता दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले असतील. लपवण्यासारखं काही उरलं नाही, आणि गंमत म्हणजे मला हलकं वाटतं आहे. अर्ज लिहायला घेतला. सहा वेळा फाडला. सातव्यांदा तीन ओळींत झाला. "माझा डावा कान निकामी आहे. मी दातांनी ऐकतो. मला लाइनवर परत घ्यावे."

३ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावलं. अर्ज त्यांच्या हातात होता. आपल्या अख्ख्या नोकरीत असा अर्ज पाहिला नाही म्हणाले, आणि हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मग म्हणाले, नियमात कान लिहिला आहे, दात लिहिलेले नाहीत, मी कुठल्या आधारावर सही करू?

मी काठी घेऊनच गेलो होतो. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आहे, त्याच्या पाइपला खालचं टोक टेकवलं आणि वाटी साहेबांपुढे केली. साहेबांनी दाराकडे पाहिलं. दार लावून घेतलं. रुमालाने वाटी दोनदा पुसली. मग एवढा मोठा माणूस, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, ओणवा झाला आणि त्याने लाकूड दातांत धरलं.

आधी काही नाही. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. काठी न सोडता त्यांनी बोटाने छताकडे दाखवलं. मी शिपायाला वर पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीतला नळ ठिबकत नव्हता, चांगला धो धो चालू होता. किती दिवसांपासून, देव जाणे. शिपायाने तो बंद केला असेल त्या क्षणी साहेबांनी हात वर केला. अगदी माझ्यासारखाच. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"थांबलं," ते म्हणाले. लाकूड तोंडातून काढून त्यांनी काठी मला परत दिली. मग खुर्चीत बसून त्यांनी माझ्या अर्जावरच लिहिलं. लाइनवर परत. यंत्र बरोबर घ्यावे. दोन नव्या कर्मचाऱ्यांना हे काम शिकवावे. खाली सही, तारीख. मी विचारलं, नियमाचं काय? ते म्हणाले की नियम लिहिणाऱ्याला दात नसतील.

उद्या पहाटे पाचला हजर व्हायचं आहे.

घरी आलो तेव्हा ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी अर्जाचा कागद पुढे धरला, सगळं सांगितलं. तिने वळून न बघता काहीतरी म्हटलं. खांदे हलत होते, म्हणजे हसत होती किंवा रडत होती. एरवी मी "हो" म्हटलं असतं. दोन वर्षं मी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत आलो, आणि कशाकशाला म्हटलं ते देवाला ठाऊक. आज मी पुढे झालो आणि म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. काय म्हणालीस?"

ती वळली. हात पिठाचे होते, तेच तिने माझ्या दोन्ही कानांवर ठेवले.

"हेच," ती म्हणाली. "दोन वर्षं वाट बघतेय, कधी विचाराल म्हणून."

मग आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. ती बोलत राहिली, आणि जिथे जिथे सुटलं तिथे तिथे मी परत विचारत राहिलो.